सोमी कुणाच्या घरी राहिली

उदयशेठ स्वतःच्या पायांनी वाडी चढून आले, हीच पहिली नवलाची गोष्ट. मतं मागायच्या दिवसांत त्यांची माणसं वर यायची आणि शेठ खाली डांबरी रस्त्यावर गाडीत बसून राहायचे. आज ते एकटेच आले होते, घामानं निथळत होते, आणि मंगळीच्या अंगणात उभे राहून चक्क हसत होते.

मंगळी सत्तरी ओलांडलेली. कुंपणाच्या काट्या बांधत बसली होती, ती हात न थांबवता म्हणाली, "बसा शेट. खाट हाय, पन एक पाय लंगडा हाय तिचा. मधी बसा."

शेठ मधोमध बसले. "बरी आहेस ना, मंगळे?"

"बरी हाय. पानी देऊ?"

"दे."

तिनं तांब्या पुढे केला. "खालच्या झऱ्याचं हाय. सूनबाईनं दोन खेपा घालून आनलंय, सांडू नका तेवढं."

शेठनी जपून घोट घेतला आणि विषयाला हात घातला. येत्या रविवारी खाली कोन गावात त्यांच्या घरासमोर एक कार्यक्रम होता. इस्रायलहून तामार नावाची एक बाई येणार होती. महायुद्धाच्या काळात तिची आई लहान मुलगी होती, आणि ती ज्यू मुलगी पोलिसांपासून लपून दोन वर्षं इकडे राहिली होती. त्या बाईनं पनवेलच्या ज्यू मंडळींकडे पत्र पाठवून चौकशी केली होती. तिच्याकडे तिच्या आजोबांचं एक जुनं पाकीट होतं. त्यावर पत्ता होता शेठच्या आजोबांच्या घराचा.

"म्हणजे आमच्याच घरानं तिला सांभाळलं, हे उघड आहे," शेठ म्हणाले. "घराच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवतोय. पेपरवाले येतील. तुझी आई आमच्याकडे भात कांडायला यायची ना? तू स्टेजवर ये. मी विचारीन, मंगळीबाई, तुमच्या आईनं त्या मुलीला आमच्या घरात पाहिलं होतं ना? तू हो म्हणायचं. बोलायला जमत नसेल तर नुसती मान हलव."

मंगळीनं काट्यांची गाठ मारली. "आनि नाय हालवली तर?"

"अगं, का नाही हलवणार?" शेठ उठले आणि त्यांनी खाली बोट दाखवलं. "ती आमराई बघ. तुमच्या वाडीची पाइपलाइन तीन वर्षं तिच्याशी येऊन अडली आहे. मधून दोनशे फूट चर खणला की पाणी तुझ्या दारात. सोमवारी मी परवानगीचा कागद देतो. पंचायतीला मी स्वतः सांगतो."

जाताना त्यांनी अर्धा राहिलेला तांब्या खाटेवर ठेवला. खाट लंगडली, पाणी सांडलं.

मंगळी त्या ओल्या मातीकडे बघत बसली. शेठ जे सांगत होते त्यातलं पाकीट खरं होतं आणि बाकीचं खोटं होतं. हे तिला माहीत होतं, कारण ती मुलगी मंगळीच्या आईबापानं सांभाळली होती.

गोष्ट अशी होती. जर्मनीत ज्यूंचा छळ सुरू झाला तेव्हा एक डॉक्टर, बायको गमावलेला, चार वर्षांच्या मुलीला घेऊन बोटीनं मुंबईला उतरला. पुढे तो कोनला आला आणि शेठच्या आजोबांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहू लागला. हिवतापाची औषधं द्यायचा. कातकऱ्यांच्या वाडीवर चढून येणारा तो पहिला डॉक्टर. मग लढाई लागली. डॉक्टर ज्यू आहे, हिटलरच्या तावडीतून पळून आलाय, याच्याशी इंग्रज सरकारला देणंघेणं नव्हतं. कागदावर तो जर्मन होता, म्हणजे शत्रू. त्याला तारांच्या छावणीत नेऊन कोंडायचा हुकूम निघाला. यादीत नावं दोन होती, बापाचं आणि मुलीचं. त्या छावण्यांत हिटलरला मानणारे जर्मनही कोंडलेले असत. ज्यांच्या भीतीनं समुद्र ओलांडला त्यांच्याच शेजारी पोरीला झोपवायचं, हे डॉक्टरच्या जिवाला मानवेना.

तो वाडीवर आला. मंगळीची आई बुधी आणि बाप आयत्या, दोघं चुलीपुढे बसले होते. डॉक्टरनं काय सांगितलं ते निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही. पण पोर सोडून चाललेला बाप कळायला भाषा लागत नाही. बुधीनं पोरीला जवळ घेतलं. त्या दिवशी सोमवार होता. वाडीत पोर ज्या वारी जन्मेल त्या वाराचं नाव लावायची रीत. ही पोर सोमवारी घरात आली, म्हणून तिचं नाव सोमी.

दोन वर्षांनी डॉक्टर सुटून आला आणि तिला घेऊन गेला. मंगळी पुढे दहाबारा वर्षांनी जन्मली. पण सोमीच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. थोरला भाऊ गोम्या तर मरेपर्यंत सोमीला बहीणच म्हणायचा.

दिवस कलला तशी सून दिपा आली. सुकापूरला एका इमारतीच्या कामावर ती चर खणायला जायची. खोरं-पाटी कोपऱ्यात टाकून तिनं हंडा उचलला, आत डोकावली आणि म्हणाली, "आये, सकाळी दोन खेपा भरल्या व्हत्या. येवढंच पानी?"

"शेट पिऊन गेला. आनि सांडून गेला."

सगळं ऐकल्यावर दिपा उंबऱ्यावर बसली. हंडा मांडीवर तसाच होता.

"मंग तुमी काय बोललात?"

"काय नाय बोलली."

"आये, हो म्हना."

मंगळीनं तिच्याकडे बघितलं.

"बघताव काय? मेलेल्या मानसांना पानी लागत नाय. आमाला लागतं. सोमी कुनाच्या घरी राहिली, त्यानं बुधीआज्जीला आता काय हाय? माझी मान बघा." दिपानं पदर बाजूला केला. मानेच्या मागे डोक्यावरच्या ओझ्यानं आलेली गाठ होती. "लोकांच्या नळासाठी दिवसभर चर खनते, आनि घरी येऊन झऱ्यावर जाते. संजना पन आता छोटा हंडा उचलाया लागली. तिची पन मान अशीच करू?"

संजना म्हणजे दिपाची अकरा वर्षांची मुलगी. आत पाटी-पुस्तक घेऊन बसली होती, ती कान देऊन ऐकत होती हे दोघींनाही ठाऊक होतं.

"रस्त्याच्या कडेनं न्या म्हनावं पाइप," मंगळी म्हणाली.

"हजार फूट पडतं, आनि निम्मा कातळ. पंचायत पाइप देतेय, पन तो कातळ फोडाया ठेकेदार फिरकत नाय. तीन वर्षं ऐकतेय मी."

दिपा चुकीचं बोलत नव्हती. चूक बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, दिपाशी भांडायला जागाच नव्हती.

"हालवीन मान," ती शेवटी म्हणाली. "बोलनार काय नाय. फकस्त हालवीन."

दिपा हंडा घेऊन झऱ्याकडे गेली. आतून संजनानं विचारलं, "आज्जी, मंग गोम्याआज्ज्यानं सांगितलेलं खोटं का?"

"अभ्यास कर," मंगळी म्हणाली.

रविवारी शेठच्या घरासमोर मांडव पडला होता. खुर्च्यांच्या पुढच्या चार रांगांना पांढरी कापडं, मागच्या उघड्या. वाडीची माणसं आपोआप मागे बसली, कुणी सांगावं लागलं नाही. घराच्या भिंतीवर पाटी होती, तिच्यावर लाल कापड. मंगळीला मात्र स्टेजवर खुर्ची दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती हात असलेल्या खुर्चीवर बसली, आणि हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

तिच्या शेजारी तामार. साठीची, उन्हानं लाल झालेली, साधी सुती सदरा-विजार घातलेली बाई. पलीकडे पनवेलचे एलिझर दिघोडकर. ज्यू मंडळींतले हे जुने गृहस्थ, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. बाईचं इंग्रजी मराठीत आणि लोकांचं मराठी इंग्रजीत करायचं काम त्यांच्याकडे होतं.

उदयशेठनी माइक घेतला. भाषण चांगलं केलं, आवाज दमदार होता त्यांचा. "माझ्या आजोबांनी इंग्रज सरकारचा हुकूम धुडकावला. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या निष्पाप मुलीला दोन वर्षं लपवलं. तिला ऊन दिसलं नाही, वारा लागला नाही, पण आमच्या ताटातला घास तिला मिळाला. आज जग ज्यांचा सत्कार करतं अशा घराण्यांच्या पंक्तीत आमचं घराणं आहे." टाळ्या पडल्या. पेपरवाल्यांनी फोटो काढले.

मग तामार उठली. ती थांबून थांबून बोलत होती आणि दिघोडकर सर तिचं एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

"माझी आई त्या दोन वर्षांबद्दल फार बोलायची नाही. आजोबा लवकर गेले. नावं कुणाची आम्हाला माहीत नव्हती. मला आईची एकच सवय आठवते. कुठे काही जळत असलं, शेकोटी असो, कचरा असो, की ती धुराकडे बघत उभी राहायची. आम्ही मुलं विचारायचो, काय बघतेस? ती म्हणायची, पांढरा आहे तोपर्यंत काही करू नका. आणि मग ती वाट बघायची. कसली, ते तिनं कधी सांगितलं नाही. या घरात असं काही होतं का, ज्यामुळे तिला ही सवय लागली?"

शेठनी वळून घराकडे नजर टाकली. मग हसून म्हणाले, "स्वयंपाकघराचं धुराडं. वरच्या खोलीच्या खिडकीतून नेमकं तेच दिसायचं. एकटं लेकरू, दुसरं काय बघणार?" आणि माइक मंगळीसमोर धरत, "मंगळीबाईंची आई आमच्याकडे कामाला होती. मंगळीबाई, तुमच्या आईनं त्या मुलीला आमच्या घरात पाहिलं होतं ना?"

मंगळीनं समोर बघितलं. शेवटच्या रांगेत दिपा होती, मांडीवर हात घट्ट धरून बसलेली. शेजारी संजना. मान हलवायची तेवढी. दोनशे फूट चर.

पण धुराचं ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. सोमी धूर विसरली नव्हती. कुठल्या मुलखात जाऊन म्हातारी झाली, नावं विसरली, भाषा विसरली, पण आयत्यानं शिकवलेलं काम विसरली नाही. आणि ते काम आता शेठच्या धुराड्यात चाललं होतं.

"निळा," मंगळी म्हणाली.

"काय?" शेठनी विचारलं.

तिनं शेठकडे बघितलंच नाही. ती तामारकडे वळली. "पांढरा धूर हाय तवर लाकडातलं पानी जळतं. तवर हात लावायचा नाय. निळा झाला, पातळ झाला, का लगेच भोकं मातीनं बुजवायची. येळ लावला तर कोळशाची राख. तुझी आये निळ्याची वाट बघायची. कोळशाच्या भट्टीवर बसायची ती, माझ्या बापाच्या."

दिघोडकर सरांनी ते तामारला इंग्रजीत सांगितलं.

"मंगळीबाई गोंधळल्या आहेत," शेठ माइक ओढून घेत म्हणाले. "वय झालंय."

"माइक र्‍हाऊ द्या तुमच्याकडं. मला रानात हाका मारायची सवय हाय, आवाज पोचंल." मंगळी उभी राहिली. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न उभं राहिल्यावर मिटला. "डॉक्टर तुमच्या आज्याच्या घरी भाड्यानं राहायचा, ते खरं हाय. पाकिटावर तोच पत्ता असनार. तेवढं लिवा पाटीवर, माझी काय हरकत नाय. पन पोर आमच्यात राहिली. दिवाळी झाली का आमची सगळी वाडी कोळसा पाडाया कर्जतच्या रानात जायची, पावसाच्या आधी परत यायची. पोर चालत गेली आनि चालत आली. तिला ऊन बी दिसलं, वारा बी लागला."

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गोरी पोर कातकऱ्यांत लपेल कशी?"

"कोळशात बसल्यावर गोरं कोन र्‍हातं? तुमी एक दिवस बसून बघा."

मागच्या रांगा हसल्या. पुढची एकदोन पांढरी कापडंही हलली.

"आनि डोळे घारे व्हते तिचे, म्हनाल," मंगळी पुढे म्हणाली. "कोकनात घाऱ्या डोळ्यांना काय तोटा हाय? हे शेट बघा."

आता मात्र सगळा मांडव हसला, कारण उदयशेठचे डोळे चांगले घारे होते. शेठचा चेहरा उतरला. खाली बसलेल्या पेपरवाल्यांनी वह्या उघडल्या तसे ते घाईनं म्हणाले, "हे सगळं ऐकीव. कागद आहे का काही? रेशनकार्ड, शाळेचा दाखला, सरकारी नोंद? आमच्याकडे पत्ता आहे. तुझ्याकडे काय आहे?"

मंगळीनं दोन्ही रिकामे हात पुढे करून दाखवले. मागून दिपाला वाटलं, आये हरली.

"नाय कागद," मंगळी म्हणाली. "कागद नव्हता म्हनून तर ती वाचली."

दिघोडकर सर भाषांतर करायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

"पोलिसांचा जमादार भट्टीवर आलता, यादी घेऊन. मुकादमाला बोलला, हितं पोरं किती हायत? मुकादम बोलला, कातकऱ्यांची पोरं कोन मोजतो, साहेब? चार मरतात, पाच व्हतात. जमादारानं सोमीच्या तोंडावरून नजर फिरवली आनि गेला. ती समोर बसली व्हती, हात लावला असता तर सापडली असती. सरकारच्या कुठल्याच कागदात आमी नव्हतो. आजबी नीट नाय. आमाला कुनी मोजत नव्हतं, तिथंच आयेनं तिला ठेवली. शान्यासुरत्यांच्या घरात ठेवली असती, तर दुसऱ्या दिवशी सापडली असती. पोलिसांनी पहिल्यांदा पनवेलच्या तेल्यांची घरं धुंडाळली व्हती."

"तेल्यांची?" दिघोडकर सरांनी हळूच विचारलं.

"तुमच्याच लोकांची, सर. शनवार तेली." मंगळीचा आवाज त्यांच्याशी बोलताना मऊ झाला. "एक सांगायचं र्‍हायलं. भट्टीवर धूर बघायला सोमी सहा दिवस बसायची. शनवारी नाय. शनवारी माझा भाऊ गोम्या बसायचा."

सरांनी हे तामारला सांगितलं नाही. आधी स्वतःच विचारलं, "का?"

"आये तेल आनाया पनवेलच्या बाजारात जायची. तिनं बघितलेलं, शनवारी तेल्यांचा घाना बंद. बैल सोडलेला. कितीबी गिऱ्हाईक येऊ द्या, त्या दिवशी ते कामाला हात लावत नाय. डॉक्टर त्यांच्या घरी जेवाया जायचा, तेबी तिला ठावं व्हतं. मंग पोर त्यांच्यातलीच असनार, असं तिनं धरलं. कुनी सांगितलं नव्हतं. तिची रीत आपल्याकडं मोडाया नको, म्हनून शनवारी तिला कामाला नाय लावायची. गोम्या रडायचा, बोलायचा, हिलाच सुट्टी का? आये बोलायची, तिच्या देवाचा दिवस हाय, तू गप बस."

दिघोडकर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते तामारला सांगायला लागले. ते वाक्य सांगायला त्यांना तीन वेळा थांबावं लागलं. तामारनं सगळं ऐकून घेतलं. ती मंगळीजवळ आली, पण गळ्यात पडली नाही, रडली नाही. तिनं एकच विचारलं.

"नावं विचारतायत," सर म्हणाले. "तुमच्या आईवडिलांची, भावाची."

"बुधी. आयत्या. गोम्या. आडनाव हिलम."

तामारनं पिशवीतून वही काढली आणि सरांना एकेक अक्षर विचारून ती नावं लिहून घेतली. पाटीवरच्या लाल कापडाकडे तिनं बघितलं आणि शेठना शांतपणे काहीतरी सांगितलं. सरांनी ते मराठीत मोठ्यानं सांगितलं, मागपर्यंत ऐकू जाईल असं. "त्या म्हणतायत, हे कापड त्या काढणार नाहीत. तुमच्या आजोबांनी डॉक्टरला खोली दिली, त्याबद्दल आभार. पण लपवलं यांनी."

शेठचा तोल गेला. "माझ्या आजोबांनी उपकार केले त्या माणसावर, आणि हे फळ? अरे, त्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"म्हटलं व्हतं की," मंगळी म्हणाली. हे तिला बोलायचं नव्हतं, ते ती पोटात ठेवणार होती. "डॉक्टरनं पयल्यांदा तुमच्याच आज्याचे पाय धरले. पोरीला ठेवा बोलला. आज्यानं सांगितलं, दिवस मावळायच्या आत पोर घराबाहेर काढ, मला लफडं नको. ते ऐकून डॉक्टर वाडी चढला. मी हे सांगनार नव्हते शेट. तुमी कागद मागितलात."

शेठ स्टेजवरून उतरले, पुढच्या चारही रांगा ओलांडून थेट वाडीच्या माणसांसमोर उभे राहिले आणि कुणा एकाला उद्देशून नाही, सगळ्यांनाच म्हणाले, "ठीक आहे. मग आमराईतून पाणी विसरा. माझ्या हयातीत एक इंच चर पडणार नाही तिथून. वाहा डोक्यावरून."

मंगळीला जे भय होतं ते हेच. तिनं दिपाकडे बघायचं टाळलं. वाडीच्या बायकांच्या माना या शब्दानं आणखी दहा वर्षं वाकणार होत्या, आणि तो शब्द तिनं ओढवून घेतला होता.

दिपा उठली. "वाहतोच हाय की आमी, शेट," ती म्हणाली. "काल बी वाहिलं, आज सकाळी बी वाहिलं, तुमाला तांब्याभर पाजलं बी. त्यात नवीन काय सांगितलंत?"

मग तिनं सासूला हाक मारली. "आये, उतरा खाली. खुर्ची त्यांची हाय."

दोघी वाडीची वाट चढू लागल्या. अर्ध्या वाटेवर मंगळी दम खायला थांबली. "तुला रागावायचं असंल तर रागाव."

"रागावलेच हाय," दिपा म्हणाली. "कर्जतच्या रानात चालत गेली, शनवारी सुट्टी देत व्हते, हे मला कदी सांगितलं नाय. फकस्त सांभाळली, सांभाळली, येवढंच. मला वाटलं, भाकर दिली असंल चार दिवस."

"तू विचारलंस कदी?"

"पानी आनायचं का विचारत बसायचं?" ती पुढे चालू लागली. वळणावर, जिथे रस्ता आमराईला वळसा घालून वाडीकडे येतो तिथे, ती थांबली. चप्पल काढून तिनं टाचेनं जमीन दाबून पाहिली, दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा पाहिली. सुकापूरच्या कामावर मुकादम तिलाच विचारायचा, दिपा, कातळ कुठं लागंल सांग.

"निम्मा नाय," ती म्हणाली. "तिसरा हिस्सा असंल. तो बी मुरमाड कातळ, पहारीनं सुटंल. सगळे आपले ठेकेदाराची वाट बघत बसलो."

दुसऱ्या दिवशी सोमवारी दिपा कामावर गेली नाही. ती आणि वाडीतल्या आणखी सहा जणी पंचायतीत गेल्या. पाइप द्या, चर आमी खनतो, असं सांगितलं. तिथल्या माणसानं विचारलं, हजार फूट? तुम्ही? दिपानं त्याला सुकापूरच्या पाच इमारतींची नावं सांगितली आणि म्हणाली, "त्यांच्या नळाला पानी येतं का विचार. तो चर माझा हाय." त्यानं अर्ज लिहून घेतला.

बुधवारी सकाळी उन्हं यायच्या आत चौदा माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. पहारी, टिकाव, पाट्या ज्याच्या त्याच्या होत्या, रोज दुसऱ्याच्या कामावर नेतात त्याच. दिपानं दोरी धरून रेघ आखली. आमराईच्या कुंपणापासून तीन फूट बाहेर, एक इंचही आत नाही. शेठचा माणूस कुंपणाच्या आत खुर्ची टाकून बघत बसला.

दहाच्या सुमाराला दिघोडकर सर पनवेलहून रिक्षानं आले. तामार आदल्या दिवशी परत गेली होती. नव्या संगमरवरी पाटीसाठी काय मजकूर लिहायचा ते विचारायला ते आले होते. ती पाटी तामार स्वतः करून पाठवणार होती.

"पाटी लावनार कुठं?" मंगळीनं विचारलं. ती पाटीतली माती बाजूला ओतत होती. "आमच्या कुडाला संगमरवर पेलायचा नाय."

"शाळेत लावू म्हणतो. हेडमास्तरांशी बोललोय."

"मंग पोरांना कळंल असं लिवा. तिघांची नावं. आनि सोमीचं पन, सोमीच लिवा, तिकडचं काय नाव असंल ते खाली. आनि हे लिवा, की ती सहा दिवस काम करायची."

सरांनी लिहून घेतलं. मग त्यांनी पँटच्या कडा दुमडल्या आणि एक रिकामी पाटी उचलली.

"सर, तुमच्यानं व्हनार नाय," दिपा चरातून म्हणाली. "गनित शिकवायचात तुमी. उरलं किती ते सांगा फकस्त."

सरांनी पावलं मोजत चराच्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहिलं, मग वर वाडीकडे बघितलं. "झाले चाळीस. उरले नऊशे साठ."

"ऐकलंत का गं?" दिपानं पलीकडच्या बायकांना विचारलं आणि पहार कातळावर टाकली.